ब्लॉकचेनचं शार्डिंग: ठरलं काय होतं आणि झालं काय?

आडवा_प्रश्न :

काही वर्षांपूर्वी ब्लॉकचेनवरचा कुठलाही लेख उघडला की शेवटाकडे एक वाक्य ठरलेलं असायचं. वेग कमी आहे खरा, पण शार्डिंग, म्हणजे चेनच्या कामाची गटांत वाटणी, आलं की तो प्रश्न निकालात निघेल. बिटकॉइन सेकंदाला जेमतेम सात व्यवहार करायचं, इथेरियम पंधराच्या आसपास, आणि कार्ड कंपन्यांचे आकडे तोंडावर फेकून टिंगल करणारे तयारच असायचे. २०१७ च्या डिसेंबरात क्रिप्टोकिटीज या मांजरं जमवायच्या खेळाने इथेरियम तुंबवलं, तेव्हा तर शार्डिंगचा जपच सुरू झाला.

मग इथेरियमच्या आराखड्यातले १०२४ शार्ड २०१९ मध्ये ६४ वर आले. २०२० मध्ये रोलअपचं, म्हणजे व्यवहार मूळ चेनबाहेर चालवणाऱ्या जोडचेनचं, वारं शिरलं, आणि आता तिथे शार्ड चेनचं नावही कुणी काढत नाही. दुसरीकडे निअर, मल्टिव्हर्सएक्स, टॉन या चेनवाली मंडळी शार्डिंग चालवून दाखवताहेत. म्हणजे अशक्य कोटीतलं काम नव्हतं. मग एवढ्या मोठ्या प्रकल्पाने हात का आखडता घेतला?

माझी समज आधी मांडतो, कुठे गडबड वाटली तर कान धरा. नेहमीच्या ब्लॉकचेनमध्ये प्रत्येक नोड, म्हणजे नेटवर्कमधला प्रत्येक संगणक, प्रत्येक व्यवहार तपासतो. शिवाय सगळी स्टेट, म्हणजे कुणाच्या खात्यात किती आणि कुठल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये (चेनवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) काय, स्वतःजवळ ठेवतो. दहा हजार नोड जोडले तरी वेग एका नोडचाच राहतो. सुरक्षितता वाढते, क्षमता तसूभरही वाढत नाही. यावर शार्डिंगचं म्हणणं असं की सगळ्यांनी सगळं करायची गरजच काय? नोडचे गट पाडा, खात्यांचेही पाडा, आणि ज्याने त्याने आपला वाटा सांभाळा. गट वाढले की क्षमता वाढली.

डेटाबेसमध्ये हे वर्षानुवर्षं चालू आहे. मग ब्लॉकचेनमध्येच घोडं कुठे अडलं? आणि रोलअप आल्यामुळे शार्डिंगची गरज संपली, की त्याच अडचणी दुसऱ्या दाराने आत आल्या?

जुना_डेटाबेसवाला :

धागा छान. डेटाबेसच्या बाजूने दोन शब्द.

आमच्याकडे शार्ड पडला तर रात्री उठून रेप्लिका (डेटाची दुसरी प्रत) वर आणायची, एवढीच कटकट. शार्ड खोटं बोलतोय, हा विचार कधी मनातही आला नाही. सगळी मशीन आपली, त्यामुळे एका शार्डने ‘या खात्यात ५०० आहेत’ म्हटलं की बाकीच्यांनी मान डोलवायची. सार्वजनिक ब्लॉकचेनमध्ये पलीकडच्या शार्डमध्ये कोण बसलंय तेच माहीत नसतं. तुमचा वाटा तुम्ही तपासलात, पण शेजारच्याने पाठवलेले पैसे मुळात त्याच्याकडे होते का, हे तुम्हाला पाहता येत नाही. ते पाहायला लागलात तर शार्डिंग कशाला केलं?

आणि एक. शार्ड ओलांडणारे व्यवहार आम्हालाही नकोच असतात. म्हणून शार्डची की, म्हणजे कुठली नोंद कुठल्या शार्डमध्ये जाणार हे ठरवणारी खूण, निवडताना आठवडेच्या आठवडे जातात. एका ग्राहकाचं सगळं एकाच ठिकाणी राहील अशी बेतायची. सार्वजनिक चेनवर कोण कुठलं कॉन्ट्रॅक्ट कुणाशी जोडेल याचा नेम नाही. की बेतणार कशाच्या जोरावर?

वाटसरू_९ :

वाखू साठवली. जाणकारांचे प्रतिसाद येऊ द्या.

दशांश :

डेटाबेसवाल्यांनी नेमकी नस पकडली. आता खोटं बोलणाऱ्यांचा हिशेब मांडू.

समजा १०० शार्ड आहेत आणि नोड आपल्या मर्जीने हव्या त्या शार्डमध्ये बसतात. हल्लेखोराला सगळं नेटवर्क कशाला हवं? सगळी माणसं एकाच शार्डमध्ये घुसवली की झालं. एकूण ताकदीच्या एक टक्क्यात काम भागतं. ‘एक टक्क्याचा हल्ला’ असंच नाव पडलंय त्याला. म्हणून कोण कुठे बसणार हे नोडच्या हातात ठेवत नाहीत, सोडत काढतात. पण सोडतीतही नशिबाचा भाग आलाच.

समजा भल्यामोठ्या नेटवर्कमध्ये २५ टक्के नोड लबाड आहेत. एकूणात पाहिलं तर काळजी नाही, कारण नोडचं एकमत घडवायच्या या जातीच्या पद्धती एक तृतीयांश लबाड जमेपर्यंत टिकतात. आता एका शार्डसाठी २० जणांची समिती सोडतीने काढा. तिच्यात लबाड एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त होण्याची शक्यता जवळपास पाचातून एकदा. समिती १०० ची केली तर शंभरातून सुमारे तीनदा. ६०० ची केली तर दहा लाखांत सुमारे तीनदा. झिलिका या शार्ड केलेल्या चेनने शार्डमागे ६०० नोडचा आकडा धरला होता तो याच हिशेबातून.

दहा लाखांत तीनदा ऐकून हुश्श वाटतं, पण सोडत एकदाच थोडी काढायचीय? १० शार्ड आणि दर तासाला नवी समिती असेल तर वर्षाला ८७,६०० सोडती झाल्या. वर्षभरात एखादा तरी शार्ड हातचा जायची शक्यता सुमारे २३ टक्के. म्हणजे समिती आणखी मोठी हवी, नाहीतर लबाडांचं प्रमाण आणखी कमी धरायला हवं.

यातूनच पुढची अडचण निघते. प्रत्येक शार्डला ६०० नोड लागत असतील आणि तुमच्याकडे आहेत ६०००, तर १० शार्डवर गाडी थांबली. शार्ड वाढवायचे तर नोड वाढले पाहिजेत, आणि ते वाढायचे तर नोड चालवणं स्वस्त राहिलं पाहिजे. एलास्टिको (२०१६), ऑम्निलेजर आणि रॅपिडचेन (दोन्ही २०१८) हे शोधनिबंध एकापाठोपाठ वाचा, बराचसा खटाटोप या आकड्यांशीच चाललेला दिसेल.

आडवा_प्रश्न :

@दशांश, हे आकडे पहिल्यांदा असे ओळीने पाहिले, धन्यवाद. पण सोडत काढतो कोण? काढणाराच लबाड निघाला तर?

दशांश :

मोक्याचा प्रश्न. इथेरियममध्ये रँडाओ आहे. ब्लॉक मांडणारा प्रत्येक जण आपली एक संख्या उघड करतो आणि सगळ्यांची मिळून एक यादृच्छिक संख्या होते. शेवटी बोलणाऱ्याला थोडा वाव राहतो. आपली संख्या उघड करायची की ब्लॉक बुडवून गप्प बसायचं, एवढंच तो ठरवू शकतो. दोन निकालांतून सोयीचा एक निवडण्यापुरती ढवळाढवळ, आणि त्यासाठी ब्लॉकची कमाई सोडावी लागते.

मला खरी भीती सोडत झाल्यानंतरची वाटते. यादी जाहीर झाली की समितीतल्या लोकांना गाठून पैसे चारता येतात. म्हणून समित्या भरभर बदलायला हव्यात. पण नव्या शार्डमध्ये गेलेल्या नोडने तिथली सगळी स्टेट उतरवून घ्यायची म्हटलं तर त्यातच वेळ जातो. घाईने बदलायला स्टेट आडवी येते आणि सावकाश बदललं तर लाच देणाऱ्याचं फावतं. निअरने ऑगस्ट २०२४ मध्ये स्टेटलेस व्हॅलिडेशन आणलं ते यावरच तोड म्हणून. तपासणाऱ्याने स्टेट साठवायचीच नाही. ब्लॉक बनवणारा व्यवहारांसोबत स्टेटचा लागेल तेवढाच तुकडा आणि तो खरा असल्याचा पुरावा पाठवतो. तपासणारा तेवढ्यावर निवाडा करून मोकळा.

सरळसोट :

माफ करा, पण हा सगळा द्राविडी प्राणायाम वाटतोय. एकच चेन ठेवा, मशीन दणकट घ्या, व्यवहार समांतर चालवा. सोलाना तेच करतंय. कुठलंही कॉन्ट्रॅक्ट कुठल्याही कॉन्ट्रॅक्टला त्याच क्षणी हाक मारू शकतं. सोडती, समित्या, पुरावे यांचं लचांड नाही.

रात्रपाळी :

@सरळसोट, सप्टेंबर २०२१ मध्ये तीच चेन सतरा तास बंद होती, तेव्हा हे कुणाला सांगून पाहायचं होतं ना राव!

सरळसोट :

आणि टॉन? ऑगस्ट २०२४ मध्ये एका टोकनच्या वाटपाची गर्दी झाली आणि काही तास साखळी थांबली. तिथे तर शार्डिंग आहे. बंद पडणं ही शार्डिंगवाल्यांना किंवा बिगर-शार्डिंगवाल्यांना वेगळी लागलेली साडेसाती नाही.

रात्रपाळी :

हे मान्य. पण दणकट मशीनचा मार्ग एका टप्प्यापर्यंतच जातो. नोडला जितकी मेमरी आणि बँडविड्थ लागेल तितके नोड चालवणारे कमी. इथेरियमचा सहसंस्थापक व्हिटालिक बुटेरिन ज्याला त्रिधर्मसंकट म्हणतो, विकेंद्रीकरण, सुरक्षितता आणि क्षमता यांतलं काहीतरी सोडावं लागतं ते, त्यात सोलानाने काय सोडलंय ते उघड आहे. त्यांनी ते समजून उमजून सोडलंय, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. पण घरच्या साध्या संगणकावर नोड चालवता यायला हवा ही अट असेल तर तुमचं उत्तर बाद होतं.

शून्यमात्रा :

सगळं समित्यांभोवतीच फिरतंय. माझ्या मते तो भाग अवघड असला तरी त्याचं गणित माहीत आहे. कंबर मोडते ती शार्डमधल्या आपसातल्या व्यवहारांनी.

खाती ६४ शार्डमध्ये वाटेल तशी विखुरली असतील तर दोन खाती एकाच शार्डमध्ये असण्याची शक्यता ६४ त एक. म्हणजे ९८ टक्क्यांहून जास्त व्यवहार शार्ड ओलांडणार. त्यातल्या प्रत्येकासाठी दोन्हीकडे काम आलं. परिणाम असा की ६४ शार्ड करून क्षमता ६४ पट होत नाही, जेमतेम ३२ पट होते. हेही साध्या पैसे पाठवण्याबद्दल. एका व्यवहारात चार-पाच कॉन्ट्रॅक्ट गुंतली तर विचारूच नका.

एक व्यवहार जवळून पाहू, निअरच्या पद्धतीने. एक खातं पहिल्या शार्डमध्ये आणि ज्या कॉन्ट्रॅक्टला ते पैसे पाठवतंय ते तिसऱ्यात. एका ब्लॉकमध्ये पहिल्या शार्डने पाठवणाऱ्याचे पैसे वजा केले आणि एक पावती तयार केली. पुढच्या ब्लॉकमध्ये ती तिसऱ्या शार्डकडे पोचली आणि कॉन्ट्रॅक्ट चाललं. ते अडखळून पडलं तर? पहिल्या शार्डमधली वजाबाकी तर होऊन गेली, ती मागे घेता येत नाही. मग परताव्याची नवी पावती निघते, उलट्या दिशेने जाते आणि त्याच्याही पुढच्या ब्लॉकमध्ये पैसे परत जमा होतात. मधल्या काळात ते पैसे कुणाच्याच खात्यात नसतात, पावतीत असतात.

आता यावर जुनं प्रसिद्ध कोडं आहे, रेल्वे आणि हॉटेलचं. तिकीट विकणारं कॉन्ट्रॅक्ट एका शार्डमध्ये, हॉटेलचं दुसऱ्यात. मला दोन्ही मिळालं तरच हवंय. एकाच शार्डमध्ये हे चुटकीसरशी होतं, एक फसलं की दोन्ही रद्द. दोन शार्डमध्ये असेल तर आधी दोन्हीकडे जागा अडवून ठेवा, मग दोन्हीकडून होकार आला की पक्कं करा. पण अडवलेल्या जागेचं काय? पैसे न भरता शंभर खोल्या नुसत्या अडवून ठेवणारा कुणी निघाला तर? कुलूप किती वेळ टिकवायचं, ते लावायचे पैसे घ्यायचे का, मधेच समिती बदलली तर किल्ली कुणाकडे, या प्रत्येकावर निबंध आहेत. कॉन्ट्रॅक्टच तात्पुरतं उचलून दुसऱ्या शार्डमध्ये न्यायची कल्पनाही होती. खोली एक असेल तोवर छान. सगळ्यांना एकाच वेळी हवं असलेलं कॉन्ट्रॅक्ट कुठे कुठे उचलून न्याल?

इथेरियमवर फ्लॅश लोन चालतात, म्हणजे एकाच व्यवहारात कर्ज काढून, वापरून, फेडून मोकळं व्हायचं. शार्ड ओलांडला की तो प्रकारच संपला. काहींना त्यात आनंद होईल, तो भाग वेगळा.

रात्रपाळी :

+१. कॉन्ट्रॅक्ट लिहिणाऱ्याच्या बाजूने थोडी भर.

असिंक्रोनस, म्हणजे हाकेचं उत्तर त्याच क्षणी न येणाऱ्या, चेनवरची कॉन्ट्रॅक्ट तपासायचं काम माझ्याकडे येतं. एका टीमच्या कोडमध्ये पैसे काढायचं फंक्शन होतं. शिल्लक पाहायची, दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला पैसे द्यायला सांगायचं, आणि ‘झालं’ असं उत्तर आलं की शिल्लक कमी करायची. वाचायला अगदी सरळ. पण हाक मारणं आणि उत्तर येणं यांच्यात एक-दोन ब्लॉक जातात, आणि तेवढ्यात तोच माणूस पुन्हा तेच फंक्शन चालवू शकतो. शिल्लक अजून जुनीच दिसतेय! आधी वजा करायचं, फसलं तर उत्तर आल्यावर परत जमा करायचं, असं उलटं लिहायला लागतं. आणि ते परत जमा करणारं फंक्शन बाहेरच्या कुणाला चालवता येणार नाही याची काळजी वेगळी.

निअरने एक शहाणपणा केलाय. दोन कॉन्ट्रॅक्ट एकाच शार्डमध्ये असली तरी त्यांच्यातली हाक असिंक्रोनसच असते. त्यामुळे कोण कुठल्या शार्डमध्ये आहे हे लिहिणाऱ्याला कळावंच लागत नाही, आणि उद्या शार्ड फोडले तरी कोड मोडत नाही. सोय सगळीकडे सारखीच कमी केली म्हणा ना. पण इथेरियमवर चार वर्षं काढलेल्या माणसाला हे गळी उतरवणं म्हणजे दिव्य आहे.

भाबडा_गुंतवणूकदार :

माहितीपूर्ण चर्चा. मग निअर घ्यावा का टॉन?

आडवा_प्रश्न :

दरांच्या चर्चेला दुसरा धागा आहे हो, तिकडे जागा करून देतील.

साखळीतली_कडी :

उशिरा आलो. इथेरियमने हात का आखडला याचं उत्तर वरच्या प्रतिसादांत आलंच आहे, फक्त ते क्रमाने लावायचं राहिलंय.

१०२४ शार्डच्या आराखड्यात प्रत्येक शार्डची नोंद मुख्य बीकन चेनवर दर इपॉकला एकदा व्हायची. इपॉक ६.४ मिनिटांचा. म्हणजे एका शार्डची खात्रीची खबर दुसऱ्याला कळायला सहा-सात मिनिटं. शून्यमात्रा यांचं रेल्वे-हॉटेल त्या वेगाने चालवून बघा! २०१९ मध्ये शार्ड ६४ केले ते यासाठी, की सगळ्यांची नोंद प्रत्येक स्लॉटला, म्हणजे ब्लॉकच्या प्रत्येक पाळीला, घेता यावी. हे ६४ अजून पुसलेले नाहीत. बीकन चेनमध्ये आजही एका स्लॉटला जास्तीत जास्त ६४ समित्या असतात आणि प्रत्येकीत निदान १२८ व्हॅलिडेटर (तपासणारे) असावेत असं धरलेलं आहे. समित्या शार्डसाठी आखल्या, शार्ड आलेच नाहीत, समित्या मात्र कामाला राहिल्या.

डिसेंबर २०२० मध्ये बीकन चेन सुरू झाली. त्याच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबरमध्ये, बुटेरिनने रोलअपला मध्यभागी ठेवणारा आराखडा मांडला होता. त्यातली मेख अशी. शार्डने दोन कामं करायची होती, एक व्यवहार चालवायचे आणि दुसरं त्यांचा डेटा सगळ्यांना मिळेल असा ठेवायचा. पहिलं काम रोलअप बाहेरच्या बाहेर करतात आणि ते बरोबर केल्याचा पुरावा देतात, किंवा चूक दाखवायला मुदत देतात. मग मूळ चेनकडे उरतो डेटा. आणि डेटाचं शार्डिंग व्यवहारांच्या शार्डिंगपेक्षा फार सोपं, कारण एका डेटाला दुसऱ्या डेटाशी बोलायचं नसतं. पावत्या, कुलपं, रेल्वे, हॉटेल, सगळं बाजूला.

पण डेटा आहे याची खात्री प्रत्येकाने तो सगळा न उतरवता कशी करायची? हा मला या सगळ्या विषयातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. ब्लॉक बनवणाऱ्याने डेटा लपवला तर चूक दाखवणारा हतबल होतो, कारण न दिसणाऱ्या गोष्टीवर आक्षेप कसा घेणार? बरं, ‘डेटा लपवलाय’ अशी कुणी बोंब मारली आणि लगेच बनवणाऱ्याने तो टाकला, तर आधी लपवला होता की बोंब मारणाराच खोटा, हे नंतर कळायचा मार्ग नाही. म्हणून दंड कुणालाच करता येत नाही.

यावर तोड म्हणून डेटा रीड-सोलोमन पद्धतीने दुप्पट करतात. त्याचा कुठलाही अर्धा भाग हाती आला की उरलेला गणिताने उभा करता येतो. आता लबाडाला थोडासा डेटा लपवून उपयोग नाही, निम्म्याहून जास्त लपवावा लागेल. आणि निम्मा गायब असेल तर यादृच्छिक जागी मागितलेला एक तुकडा न मिळण्याची शक्यता निदान अर्धी. असे २० तुकडे मागितले आणि सगळे मिळाले, तरीही फसवणूक झालेली असण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी. एक छोटा नोड भल्यामोठ्या डेटाची हमी मिळवतो, तीही कुणावर भरवसा न टाकता. दुप्पट करतानाच लबाडी केली तर? त्यासाठी केझेडजी कमिटमेंट नावाचे गणिती पुरावे आहेत, त्यात शिरलो तर रात्र होईल.

प्रत्यक्षात हे टप्प्याटप्प्याने आलं. १३ मार्च २०२४ ला डेंकुन अपग्रेडमध्ये ब्लॉब, म्हणजे रोलअपच्या डेटाचे तात्पुरते गठ्ठे, आले. एकेक १२८ किलोबाइटचा, सुमारे १८ दिवसांनी पुसला जाणारा. सुरुवातीला ब्लॉकमागे तीनचं लक्ष्य आणि कमाल सहा. मे २०२५ मध्ये पेक्ट्रा अपग्रेडने ते सहा आणि नऊ केले. तोवर प्रत्येक नोड सगळे ब्लॉब उतरवतच होता, म्हणजे डेटाचंही शार्डिंग झालेलं नव्हतं. ते सुरू झालं ३ डिसेंबर २०२५ च्या फुसाका अपग्रेडमधल्या पीअरडासपासून. दुप्पट केलेल्या डेटाचे १२८ स्तंभ करतात आणि साधा नोड त्यातले मोजकेच सांभाळतो.

आडवा_प्रश्न :

फार दिवसांनी असा प्रतिसाद वाचला. म्हणजे शार्डिंग सोडून दिलं हे म्हणणंच चुकीचं. डेटापुरतं का होईना, ते आलं.

शून्यमात्रा :

आलं, पण माझं रेल्वे-हॉटेल अजून सुटलेलं नाही. ते फक्त बीकन चेनच्या अंगणातून रोलअपच्या अंगणात गेलंय. एका रोलअपवर माझे पैसे आणि दुसऱ्यावर मला हवं ते कॉन्ट्रॅक्ट, तर काय करू? ऑप्टिमिस्टिक, म्हणजे चूक दाखवायला मुदत देणाऱ्या, रोलअपमधून मूळ चेनवर पैसे काढायला सात दिवसांची आक्षेपाची मुदत. घाई असेल तर एका चेनवरून दुसरीवर पैसे पोचवणाऱ्या मधल्या ब्रिजवाल्याला पैसे मोजा. शार्ड निदान एका नियमावलीखाली, एका सोडतीखाली चालले असते. रोलअप म्हणजे दर शार्डला वेगळा मालक, वेगळी ब्रिज, आणि बहुतेक ठिकाणी व्यवहारांचा क्रम लावणारा एकच सीक्वेन्सर. विखुरलेपण जास्तच झालं की नाही?

साखळीतली_कडी :

विखुरलेपण वाढलं हे शंभर टक्के मान्य. पण एक फरक विसरू नका. ६४ शार्ड प्रोटोकॉलमध्ये कोरले असते तर त्यांच्यातली बोलण्याची पद्धतही एकदाच, सगळ्यांसाठी, न चालवून बघता ठरवावी लागली असती. रोलअपमध्ये दहा जण दहा पद्धती करून बघतात, एक बुडाला तरी मूळ चेन उभी राहते. पोल्काडॉट या प्रकल्पाने वेगळा मार्ग घेतला. मधल्या रिले चेनला जोडलेल्या प्रत्येक पॅराचेनचे नियम तिचे, पण सुरक्षा सगळ्यांची एकच, रिले चेनची. डिसेंबर २०२१ पासून ते चालू आहे. तुम्हाला हवी ती एक नियमावली, एक सोडत तिथे बरीचशी मिळते. तरी दोन पॅराचेनमधला निरोप असिंक्रोनसच. ते कुणालाच चुकलेलं नाही.

सरळसोट :

म्हणूनच म्हणत होतो, एकच चेन ठेवा. 🙂

दशांश :

@सरळसोट, चिकाटीला दाद!

आडवा_प्रश्न :

एक शेवटची शंका. शार्ड असोत की रोलअप, एकच कॉन्ट्रॅक्ट अचानक लोकप्रिय झालं तर? खाती वाटता येतील, पण एका कॉन्ट्रॅक्टचे तुकडे कसे करणार? क्रिप्टोकिटीजसारखं प्रकरण शार्ड केलेल्या चेनवर झालं असतं तर तो एक शार्ड तुंबला असता आणि बाकीचे माश्या मारत बसले असते, बरोबर?

रात्रपाळी :

बरोबर. निअरमध्ये खाती नावाच्या वर्णक्रमाने शार्डमध्ये वाटली जातात, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये चार शार्ड केले तेव्हा त्यातला एक जवळपास ऑरोरा या एका खात्यासाठीच कापून ठेवला होता, कारण त्याच्यावर गर्दीच तेवढी. पण ते खातंच एका शार्डपेक्षा मोठं झालं तर पुढे चाकू चालत नाही. मल्टिव्हर्सएक्समध्ये पत्त्याच्या शेवटच्या बिट्सवरून शार्ड ठरतो, तिथेही तेच.

खरा उपाय कॉन्ट्रॅक्टच्या रचनेत आहे आणि तो टॉनमध्ये पाहायला मिळतो. इथेरियमवर टोकन म्हणजे एक कॉन्ट्रॅक्ट आणि त्याच्या पोटात सगळ्यांच्या शिलकीची यादी. टॉनवरचं जेटन तसं नाही. एक मुख्य कॉन्ट्रॅक्ट, आणि प्रत्येक मालकासाठी एक वेगळं छोटं वॉलेट कॉन्ट्रॅक्ट, ज्यात फक्त त्याची शिल्लक. लाख मालक असतील तर लाख कॉन्ट्रॅक्ट, सगळ्या शार्डमध्ये पसरलेली. मी तुम्हाला टोकन पाठवलं की माझं छोटं कॉन्ट्रॅक्ट तुमच्या छोट्या कॉन्ट्रॅक्टला निरोप पाठवतं, मुख्य कॉन्ट्रॅक्टला त्याची खबरही लागत नाही. निरोप देणारा तोतया नाही हे तुमचं कॉन्ट्रॅक्ट कसं ओळखतं? पत्ता कोड आणि सुरुवातीच्या डेटावरूनच निघतो, त्यामुळे ‘या मुख्य कॉन्ट्रॅक्टचं, या मालकाचं वॉलेट कुठल्या पत्त्यावर असायला हवं’ हे ते स्वतः काढून ताडून पाहतं.

याची किंमत अशी की ‘सगळ्या मालकांची यादी द्या’ म्हटलं तर ती चेनवर एका जागी मिळत नाही, बाहेरून गोळा करावी लागते. आणि दोन टोकनची अदलाबदल करून देणारा पूल, म्हणजे दोन्हींचा सामायिक साठा, अशा रीतीने फोडता येत नाही, कारण त्याचा भाव एकाच शिलकीवर ठरतो.

आडवा_प्रश्न :

अच्छा! म्हणून टॉनच्या एक्सप्लोररमध्ये एक टोकन पाठवलं तरी चार-पाच निरोपांची माळ दिसते. मला वाटायचं काहीतरी अडकलंय.

रात्रपाळी :

तीच ती. पहिला तुमच्या वॉलेटकडून तुमच्या जेटन वॉलेटला, दुसरा तिथून समोरच्याच्या जेटन वॉलेटला, मग त्याला सूचना, आणि शेवटचा उरलेलं शुल्क परत करणारा. माळ मधेच तुटलेली दिसली तर दुसऱ्या निरोपाबरोबर पुरेसं शुल्क गेलं होतं का ते आधी बघा, बहुतेक वेळा तिथेच अडतं.